निवडणूक जिंकणाऱ्याच्या नोकऱ्या: अमेरिकेतील वशिल्याचे राज्य आणि १८८३ चा कायदा

१८३३ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या चिमुकल्या वस्तीला एक नवा पोस्टमास्तर मिळाला. त्याचे वय होते २४, भागीदारीत चालवलेले दुकान डबघाईला आलेले होते आणि डोक्यावर कर्ज होते. गावात कुणाचे पत्र आले आणि तो माणूस बरेच दिवस फिरकला नाही, तर हा पोस्टमास्तर ते पत्र आपल्या उंच टोपीत खोचून त्याच्या घरापर्यंत चालत जाई, असे सांगतात. त्याचे नाव अब्राहम लिंकन. गंमत अशी की त्या वेळी अध्यक्षपदावर अँड्र्यू जॅक्सन होते आणि लिंकन हे जॅक्सन यांचे प्रतिस्पर्धी हेन्री क्ले यांचे अनुयायी होते. विरोधी गोटातल्या माणसाला हे पद मिळाले कसे, याचा खुलासा लिंकन यांनी पुढे स्वतःच केला: ते पद इतके क्षुल्लक होते की त्यासाठी आपले राजकारण आड येण्याचे कारणच पडले नाही.

या एका वाक्यात त्या काळची सारी व्यवस्था दिसते. पद जरा मोठे असते, त्यातून बऱ्यापैकी कमाई होत असती, तर राजकारण नक्की आड आले असते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत केंद्र सरकारची नोकरी ही परीक्षा देऊन किंवा अनुभवाच्या जोरावर मिळण्याची गोष्ट नव्हती. अध्यक्षपदाची निवडणूक जो पक्ष जिंकेल, त्या पक्षासाठी राबलेल्या माणसांची पोस्टात, जकात कचेरीत, जमीन नोंदणीच्या कार्यालयात वर्णी लागे आणि आधीच्या पक्षाच्या माणसांना घरचा रस्ता धरावा लागे. या रिवाजाला तिकडे ‘स्पॉइल्स सिस्टीम’, म्हणजे लुटीची पद्धत, असे नाव पडले. ते न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी यांच्या १८३२ मधील एका भाषणावरून आले. शत्रूकडून मिळालेली लूट जेत्याचीच असते, या नियमात आपल्याला काही गैर दिसत नाही, असे त्यांनी भर सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, सांगितले होते. मार्सी हे लाजत नव्हते, आणि त्यांनी लाजावे असे त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनाही वाटत नव्हते.

आज आपण याला सरसकट भ्रष्टाचार म्हणून मोकळे होतो. पण या पद्धतीचा पाया घालताना जॅक्सन यांनी जो युक्तिवाद केला, तो ऐकल्यावर एवढे सहज मोकळे होता येत नाही. १८२९ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवलेल्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी म्हटले की सरकारी पद ही एक प्रकारची मालमत्ताच मानली जाऊ लागली आहे आणि दीर्घकाळ एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाला लोकांच्या हिताचा विसर पडतो. सरकारी कामे तशी साधी असतात किंवा साधी करता येतात, कोणत्याही समंजस माणसाला ती जमतील, आणि म्हणून पदे माणसांमध्ये फिरती असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चटकन समजावे, कारण वतन म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील काही कचेऱ्यांमध्ये एकाच घराण्यातील माणसे वर्षानुवर्षे बसलेली असत, आणि सीमेवरच्या नव्या राज्यांतून आलेल्या शेतकऱ्याला हा प्रकार वतनदारीसारखाच वाटत होता. तेव्हा पदांची ही फेरवाटणी प्रथम लोकशाहीच्या नावाने आली, लूट तिला नंतर म्हटले गेले. जॅक्सन यांनी स्वतः काढलेल्या अधिकाऱ्यांचे प्रमाणही पुढच्या अध्यक्षांच्या मानाने माफकच होते.

त्यांनी नेमलेली माणसे मात्र सगळीच समंजस निघाली नाहीत. न्यूयॉर्क बंदराचे जकात वसुली प्रमुख म्हणून त्यांनी सॅम्युअल स्वार्टवाउट यांना नेमले. हे गृहस्थ १८३८ मध्ये युरोपला निघून गेले आणि मागे हिशेब तपासला तेव्हा दहा लाखांहून अधिक डॉलरची तूट निघाली.

पोस्टमास्तरकीसाठी माणसे इतकी का धडपडत, असा प्रश्न इथे पडेल. १८३१ मध्ये केंद्र सरकारचे सारे मुलकी नोकर मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास होते आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पोस्ट खात्यात होते. रेल्वे नुकती कुठे सुरू होत होती, तार नव्हती. दूर गावातल्या माणसाला सरकारचे एकच तोंड दिसे, ते म्हणजे टपाल कचेरी. ती बहुधा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात असे. पत्र घ्यायला आलेला माणूस जाताना मीठ, खिळे, कापड घेऊन जाई, त्यामुळे पगार तुटपुंजा असला तरी गिऱ्हाईक आपसूक येई. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वर्तमानपत्रे टपालानेच येत, आणि त्या काळची वर्तमानपत्रे बहुतांशी कुठल्या ना कुठल्या पक्षाची असत. गावात कोण काय वाचतो, कोणाकडे पत्रे कुठून येतात, कोण कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पोस्टमास्तराइतके कुणालाच ठाऊक नसे. पक्षाला गावोगाव असा एक माणूस हवा होता, त्याचा पगार सरकारने दिला तर उत्तमच, आणि नेमके हेच घडत होते.

म्हणजे मुळात हा सारा मामला पक्षाच्या खर्चाचा होता. सभा, मिरवणुका, मशाली, छापील मतपत्रिका आणि मतदानाच्या दिवशी माणसे आणण्यासाठी गाड्या या सगळ्याला पैसा लागे. त्या काळी मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्षच छापून वाटत. हा पैसा नोकरी मिळालेल्या माणसाकडून परत वसूल केला जाई. पगाराचा ठराविक हिस्सा पक्षाकडे भरावा लागे. निवडणुकीच्या वर्षी तशी छापील पत्रे कारकुनांच्या टेबलावर येत. १८८२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रचार समितीचे अध्यक्ष जे हबेल यांनी सरकारी नोकरांना अशी पत्रे धाडून पगाराच्या दोन टक्के रक्कम मागितली, आणि ही वर्गणी ऐच्छिक असल्याचे त्यात आवर्जून लिहिले होते. गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळीही दारात उभी राहून ‘तुमच्या खुशीने’ असेच म्हणतात. फरक इतकाच की ती तुमची नोकरी घालवू शकत नाहीत.

या व्यवस्थेचे खरे मुख्यालय म्हणजे न्यूयॉर्कची जकात कचेरी. तेव्हा अमेरिकेत आजच्यासारखा प्राप्तिकर नव्हता आणि केंद्र सरकारचे उत्पन्न मुख्यतः आयात मालावरील जकातीतून येई. त्या जकातीचा मोठा वाटा एकट्या न्यूयॉर्क बंदरात गोळा होई. कचेरीत हजाराच्या आसपास नोकर होते आणि त्यांच्या माथ्यावर जो अधिकारी बसे त्याला ‘कलेक्टर’ म्हणत. आपला कलेक्टर जिल्हा सांभाळतो, पण त्याच्या पदाचे नावही मुळात सारा गोळा करण्यावरूनच पडलेले आहे. न्यूयॉर्कचा कलेक्टर कोण असावा, हे प्रत्यक्षात सिनेटर रॉस्को काँकलिंग ठरवत. उंच, देखणा, वक्तृत्वात पटाईत आणि अपमान कधी न विसरणारा असा हा नेता होता, आणि १८७१ मध्ये त्याचे जवळचे सहकारी चेस्टर आर्थर या जागी बसले.

आर्थर यांच्यावर स्वतः पैसे खाल्ल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, पण त्यांना खाण्याची गरजही नव्हती. जकात चुकवणारा व्यापारी पकडला गेला की दंडाचा ठराविक हिस्सा कायद्यानेच वरच्या अधिकाऱ्यांना आणि खबऱ्याला मिळे. एका मोठ्या धातू व्यापारी पेढीकडून अशाच प्रकरणात सुमारे २ लाख ७१ हजार डॉलर वसूल झाले, आणि त्यापुढे प्रत्यक्षात बुडालेली जकात किरकोळ होती. हिस्सा मिळणार म्हटल्यावर अधिकाऱ्यांना चूक शोधण्याचा किती उत्साह येत असेल, याची कल्पना करता येते. त्या वर्षांत आर्थर यांची कमाई अध्यक्षांच्या पगारालाही मागे टाकत होती. व्यापाऱ्यांनी इतकी ओरड केली की १८७४ मध्ये काँग्रेसने ही वाटणी बंद केली. याच कचेरीतील दुसरे मोठे पद सांभाळणारे अलोन्झो कॉर्नेल हे त्याच वेळी राज्यातील रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षही होते. एकाच माणसाने सकाळी जकात तपासायची आणि संध्याकाळी उमेदवार ठरवायचे, यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

१८७७ मध्ये अध्यक्ष झालेल्या रदरफर्ड हेझ यांना ती वाटली. सरकारी नोकरांनी पक्षाचा कारभार चालवू नये असा हुकूम त्यांनी काढला; कॉर्नेल यांनी तो सरळ धुडकावला. मोठ्या झटापटीनंतर १८७८ मध्ये हेझ यांनी आर्थर आणि कॉर्नेल या दोघांनाही पदावरून दूर केले. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे: कॉर्नेल दोन वर्षांच्या आत न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि आर्थर १८८० मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार. त्या वर्षी शिकागोच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाला अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला ३६ फेऱ्या लागल्या. शेवटी कुणाच्याही यादीत अग्रभागी नसलेले जेम्स गारफिल्ड निवडले गेले, आणि काँकलिंग यांच्या गटाचा राग शांत व्हावा म्हणून आर्थर यांचे नाव त्यांच्यासोबत जोडले गेले.

नव्या अध्यक्षाच्या दारात उमेदवारांची रीघ लागणे हे ठरलेलेच होते. लिंकन यांच्या काळात, देश फुटण्याच्या बेतात असतानाही, व्हाइट हाउसच्या जिन्यांवर नोकरी मागणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. पुढे लिंकन यांना देवीचा सौम्य आजार झाला तेव्हा ‘आता माझ्याकडे सगळ्यांना देण्यासारखे काहीतरी आहे’ असे ते म्हणाल्याची आख्यायिका आहे. गारफिल्ड यांना असा विनोद सुचला नाही. दिवसाचे कित्येक तास अर्ज ऐकण्यात जातात याची चिडचिड त्यांच्या रोजनिशीत जागोजागी आहे. त्यातच त्यांनी न्यूयॉर्कच्या कलेक्टर पदासाठी काँकलिंग यांच्या विरोधकाचे नाव सुचवले. निषेध म्हणून काँकलिंग यांनी १६ मे १८८१ रोजी सिनेटचा राजीनामा दिला. राज्याचे विधिमंडळ आपल्याला सन्मानाने पुन्हा निवडून पाठवील, अशी त्यांची खात्री होती. (सिनेटर तेव्हा थेट जनता निवडत नसे.) विधिमंडळाने त्यांना पाठवले नाही.

खेटे घालणाऱ्या त्या गर्दीत चार्ल्स गिटो नावाचा एक इसम होता. निवडणुकीत त्याने एक भाषण लिहून छापले होते आणि गारफिल्ड त्यामुळेच जिंकले, असा त्याचा ठाम समज होता. मोबदल्यात त्याला आधी व्हिएन्नाची आणि मग पॅरिसची वकिलात हवी होती. परराष्ट्रमंत्री जेम्स ब्लेन यांनी अखेर वैतागून, या विषयावर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस, असे त्याला सुनावले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर त्याने गारफिल्ड यांना पाठीमागून गोळ्या घातल्या आणि आता आर्थर अध्यक्ष होतील, असे ओरडून सांगितले. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली, गोळी सापडली नाही, आणि अडीच महिने यातना सोसून १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. गिटो वेडा होता याबद्दल आज फारसा वाद नाही. पण त्याच्या वेडाला जो आकार मिळाला होता तो मात्र त्या काळच्या शहाण्या राजकारणाचाच होता: मी प्रचार केला, तेव्हा पद माझे. सुधारणावाद्यांनी नेमके हेच सूत्र धरले आणि ‘नोकरी न मिळाल्याने चिडलेला उमेदवार’ हे गिटोचे वर्णन देशभर नेले.

सुधारणावादी काही नवखे नव्हते. १८६० च्या दशकापासून त्यांची विधेयके येत होती आणि पडत होती. त्यांच्यासमोर नमुना होता तो ब्रिटनचा, आणि ब्रिटनचा स्वतःचा पहिला मोठा प्रयोग होता हिंदुस्थानावरचा: ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा १८५५ मध्ये सुरू झाली, आणि ब्रिटनमधील बहुतेक खात्यांसाठी ती १८७० मध्ये आली. आज पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये पहाटेपर्यंत दिवे जळतात, त्या परीक्षेचे आणि वॉशिंग्टनच्या परीक्षेचे गोत्र असे एकच आहे.

गारफिल्ड यांच्या मृत्यूमुळे कायदा झाला असे सर्रास लिहिले जाते, पण तारखा पाहिल्या तर ते अर्धेच खरे ठरते. मृत्यूनंतर वर्षभर काँग्रेस हलली नाही. हलली ती नोव्हेंबर १८८२ च्या निवडणुकीनंतर, जेव्हा रिपब्लिकनांच्या हातून प्रतिनिधिगृह गेले आणि दोन वर्षांनी अध्यक्षपदही जाईल अशी धास्ती त्यांना वाटू लागली. तसे झालेच तर डेमोक्रॅट येऊन आपल्या साऱ्या माणसांना हाकलणार, हे उघड होते. नवा कायदा झाला तर आधीपासून नोकरीत असलेल्यांना परीक्षा द्यावी लागणार नव्हती. त्यांच्या जागा तेवढ्या पक्क्या होणार होत्या. मग घाई सुरू झाली. ओहायोचे डेमोक्रॅट सिनेटर जॉर्ज पेंडलटन यांचे विधेयक सिनेटमध्ये ३८ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधिगृहात १५५ विरुद्ध ४७ मतांनी संमत झाले. १६ जानेवारी १८८३ रोजी त्यावर सही झाली ती चेस्टर आर्थर यांची, म्हणजे ज्यांना जकात कचेरीतून काढले गेले होते त्यांचीच.

कायदा वाचायला मोठा मजेशीर आहे, कारण त्याच्या प्रत्येक कलमामागे कुठली ना कुठली जुनी खोड दिसते. तीन सदस्यांचा आयोग नेमायचा, पण त्यांतले दोनाहून अधिक एका पक्षाचे नसावेत. परीक्षा खुली असावी आणि शक्यतो व्यवहारोपयोगी असावी, म्हणजे जे काम करायचे आहे त्याच्याशी तिचा संबंध असावा. निवड झाल्यावर काही काळ परिवीक्षेचा. सिनेटर किंवा प्रतिनिधी यांची शिफारस उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल आणि तो कुठला रहिवासी आहे याबद्दल असेल तेवढीच विचारात घ्यायची, बाकीची नाही. एका कुटुंबातील दोघे आधीच अशा नोकरीत असतील तर तिसऱ्याला प्रवेश नाही. अतिरेकी मद्यपान करण्याची सवय असलेल्याला नेमायचे नाही. आणि पक्षाला वर्गणी दिली नाही किंवा राजकीय काम केले नाही म्हणून कुणालाही काढायचे नाही. विधेयक आणणाऱ्या पेंडलटन यांना त्यांच्याच पक्षाने मात्र क्षमा केली नाही. त्यांची सिनेटची जागा दुसऱ्याला गेली, आणि मग अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी त्यांना जर्मनीत राजदूत म्हणून पाठवले. ही नेमणूक अर्थातच परीक्षेविना झाली.

सुरुवातीला कायद्याखाली आलेल्या जागा एकूण केंद्रीय नोकऱ्यांच्या सुमारे दहा टक्केच होत्या: वॉशिंग्टनमधील खाती, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जकात कचेऱ्या व टपाल कार्यालये. गावचा पोस्टमास्तर पुढची कित्येक वर्षे पक्षाचाच राहिला. पण कायद्यात एक साधी तरतूद होती: आणखी कोणती पदे परीक्षेखाली आणायची, हे अध्यक्षाने हुकमाने ठरवायचे. तिचा परिणाम कुणी आखला नसेल असा झाला. १८८४ ते १८९६ या काळात सत्ता दर चार वर्षांनी इकडून तिकडे जात राहिली, आणि प्रत्येक मावळता अध्यक्ष जाता जाता आपल्या माणसांनी भरलेल्या काही हजार जागा संरक्षणाखाली टाकून जाऊ लागला. हेतू आपल्या माणसांची सोय लावण्याचा, पण ती माणसे निवृत्त झाल्यावर त्या जागा परीक्षेनेच भराव्या लागत. क्वचित उलटेही झाले, जसे १८९९ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांनी काही हजार पदे पुन्हा मोकळी केली. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत निम्म्याच्या आसपास नोकऱ्या परीक्षेखाली आल्या होत्या. वशिल्याचा शेवट वशिल्याच्याच हिशेबाने होत गेला, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत रंजक वळण वाटते.

पक्षाचा खर्च मात्र कुठे गेला नव्हता. नोकरांची वर्गणी आटू लागली तेव्हा पक्षांनी मोठ्या उद्योगांकडे मोर्चा वळवला. १८९६ च्या निवडणुकीत मॅकिन्ली यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनी बँकांकडे भांडवलाच्या पाव टक्का रक्कम मागितली, आणि स्टँडर्ड ऑइल कंपनीने एकटीने अडीच लाख डॉलर दिले. कारकुनांच्या पगाराचे दोन टक्के जाऊन बँकांच्या भांडवलाचा पाव टक्का आला, आणि कंपन्यांच्या थेट देणग्यांवर बंदी घालायला १९०७ उजाडावे लागले. परीक्षेची व्यवस्थाही पक्षपातापासून आपोआप सुरक्षित नव्हती. तिच्यामुळे अनेक कृष्णवर्णीय नागरिकांना आणि स्त्रियांना सरकारी नोकरीचे दार उघडले होते; पण १९१४ मध्ये, अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत, अर्जासोबत छायाचित्र जोडणे सक्तीचे झाले, आणि गुण पाहण्याआधी चेहरा पाहण्याची सोय झाली.

नोकरीवरून काढण्यासाठी सबळ कारण हवे, हे १९१२ च्या कायद्याने लिहून ठेवले. सरकारी नोकरांच्या प्रचारावर १९३९ मध्ये निर्बंध आले. तरीही सगळीच पदे परीक्षेखाली कधी गेली नाहीत. मंत्री, त्यांचे सहायक, राजदूत, खात्यांचे प्रमुख अशी सुमारे चार हजार पदे आजही नवा अध्यक्ष आपल्या मर्जीने भरतो, आणि त्यांतल्या हजाराहून अधिक पदांना सिनेटची संमती लागते. ही रेषा कुठे ओढायची हा वाद अजून चालू आहे: धोरणाशी संबंध असलेल्या आणखी हजारो कर्मचाऱ्यांचे संरक्षण काढणारा हुकूम ऑक्टोबर २०२० मध्ये निघाला, जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या नावाने परत आला. २०२४ पर्यंत दर अध्यक्षीय निवडणुकीनंतर अशा राजकीय पदांची जाडजूड यादी सरकारतर्फेच छापली जाई. तिला सगळे ‘प्लम बुक’ म्हणत, कारण तिचे मुखपृष्ठ आलुबुखाराच्या रंगाचे असे आणि तिकडे मलईदार पदाला ‘प्लम’च म्हणतात.